राखणदार नसलेली शीव

वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. देव रात्री गावाच्या शिवेवरून फेरी मारतो, चालून चालून वहाणा झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या अशी समजूत. झिजलेले तळवे कौतुकाने दाखवणारेही भेटतात. श्रद्धा असो वा नसो, या समजुतीत एक शहाणपण आहे. शीव एकदा आखली की आपोआप टिकत नाही, ती कुणीतरी रोज चालून राखावी लागते. कोकणातल्या गावागावाला असा कुणी राखणदार असतो. कुठे देवचार, कुठे वेतोबा, कुठे नुसताच वडाखालचा एक शेंदरी दगड.

याच गावांवरून पन्नासएक वर्षं आणखी एक शीव गेलेली होती. तिच्यावर दगड नव्हता, नाका नव्हता, तिच्या नावाचं एकही कार्यालय बारमाही उघडं नसायचं. निवडणूक जाहीर झाली की ती उमटायची आणि मतपेट्यांना लाख लागली की विरून जायची. राजापूर लोकसभा मतदारसंघ ही ती शीव. 1952च्या पहिल्या निवडणुकीत हा मुलूख 'रत्नागिरी दक्षिण' या नावाने ओळखला गेला आणि तिथून काँग्रेसचे मोरेश्वर जोशी निवडून गेले. 1957 साली 'राजापूर' हे नाव आलं. 2004 साली त्या नावाने शेवटचं मतदान झालं आणि 2008च्या पुनर्रचनेत ते पुसलं गेलं. 13 निवडणुका आणि 4 खासदार: नाथ पै तीनदा, मधु दंडवते पाचदा, सुधीर सावंत एकदा, सुरेश प्रभू चारदा. भारतातल्या फार थोड्या मतदारसंघांचा इतिहास असा एका हाताच्या बोटांवर मावेल.

नावाची गंमत आधी सांगून टाकतो. मतदारसंघाचं नाव राजापूर, पण त्याचा मोठा भाग राजापूरच्या दक्षिणेला. देवगड, मालवण, वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी हा सारा टापू 1981 साली रत्नागिरीतून फुटून सिंधुदुर्ग जिल्हा झाला. राजापूर तालुका मात्र जुन्याच जिल्ह्यात राहिला. म्हणजे ज्या गावाचं नाव मतदारसंघाला, ते गाव बहुसंख्य मतदारांच्या जिल्ह्यातच नव्हतं. सावंतवाडी तर स्वातंत्र्यानंतर विलीन होईपर्यंत वेगळं संस्थान होतं. तिथल्या जुन्या माणसाला राजापूर ठाऊक असलंच तर दोन कारणांनी. एक, इंग्रजांची वखार. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला दारूगोळा पुरवणाऱ्या इंग्रजांना धडा शिकवायला शिवाजी महाराज 1661 साली राजापुरावर चालून आले होते. आणि दुसरं कारण उन्हाळ्याची गंगा. राजापूरजवळच्या उन्हाळे गावी डोंगरावर 14 कुंडं आहेत. एरवी कोरडी असतात. साधारण तीन वर्षांनी अचानक भरून वाहू लागतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा आटतात. कधी येणार हे कुणी सांगू शकत नाही. आली की मात्र मुंबईपर्यंत निरोप जातो आणि माणसं अंघोळीला येतात. मतदारसंघालाच हे नाव का दिलं असेल याचं कारण कुठल्यातरी कारकुनाच्या फायलीत असेल. मला मात्र ते नाव चपखल वाटतं. एरवी कोरडं असणारं आणि अधूनमधून भरणारं असं काहीतरी त्या नावातच आहे.

या मतदारसंघाबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते: कोकणी माणूस फार सुजाण, त्याने विद्वान खासदार निवडले. सांगणारा बहुधा कोकणातला असतो, तेव्हा थोडी सूट द्यावी. पण आकडे पाहिले की सूट देण्याची गरज उरत नाही. 1957 साली संयुक्त महाराष्ट्राची लाट होती, त्यामुळे प्रजासमाजवादी पक्षाचे नाथ पै निवडून आले यात नवल नाही. त्या लाटेत शेजारच्या रत्नागिरीतून जनसंघाचे प्रेमजीभाई आशर लोकसभेत गेले होते. देशभरात जनसंघाच्या तेव्हा चारच जागा होत्या, त्यातली ही एक. लाट ओसरली की वाळूवर काय उरतं ते पाहावं. 1962 साली राज्य मिळालेलं होतं, संयुक्त महाराष्ट्र समिती विस्कटलेली होती, महाराष्ट्रातल्या 44 जागांपैकी 41 काँग्रेसने जिंकल्या. राजापूर उरलेल्या तिनांत होतं. 1971 साली इंदिरा गांधींच्या लाटेत 45 पैकी 42 काँग्रेसकडे गेल्या, राजापूर पुन्हा उरलेल्या तिनांत. त्या वर्षी प्रजासमाजवादी पक्षाला अख्ख्या देशात दोन जागा मिळाल्या, बंगालमधली कांथी आणि आपलं राजापूर. 1980 साली 48 पैकी 39 इंदिरा काँग्रेसच्या, तरी राजापूर जनता पक्षाचं. 1984 साली, इंदिराजींच्या हत्येनंतर, 48 पैकी 43. तेव्हाही राजापुरातून मधु दंडवतेच.

चार लाटा आल्या आणि चारही वेळा हा कातळ कोरडा राहिला. याला नुसतं 'सुजाणपण' म्हणून भागत नाही. सुजाण माणसं बारामतीत आणि कराडातही असतात. मग राजापुरात वेगळं काय होतं?

मला त्याचं उत्तर दोन ठिकाणी सापडतं, मनीऑर्डरीत आणि गाऱ्हाण्यात.

आधी मनीऑर्डर. घाटावरच्या राजकारणाला साठच्या दशकापासून एक कणा आला. सहकारी साखर कारखाना, त्याला जोडून बँक, दूध संघ, शिक्षणसंस्था. ऊस कुणाचा आधी तुटणार, कर्ज कुणाला मिळणार, पोरगा कुठे चिकटणार, हे सारं एका साखळीतून ठरायचं आणि तिचं टोक बहुधा काँग्रेसच्या हातात असायचं. मत म्हणजे त्या साखळीतली एक कडी. दक्षिण कोकणात ऊस नव्हता. कातळावर पाणी ठरत नव्हतं, शेती वर्षाला पुरत नव्हती, जमिनींची वाटणी तर अशी की एका आंब्याला सात वारस. इथला पैसा पोस्टमन आणायचा. लालबाग, परळ, डिलाईल रोडच्या चाळींत एकेका खोलीत गाववाले पाळीपाळीने झोपायचे, गिरणीत राबायचे आणि महिन्याला मनीऑर्डर धाडायचे. 2001च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1,136 स्त्रिया होत्या. देशभर मुलींची संख्या घटतेय म्हणून चिंता चाललेली असताना हा आकडा अभिमानाने सांगितला जातो. त्याचा अर्थ इतकाच की दारातला पुरुष मुंबईला होता.

या मतदाराला गावात राहून पोट भरण्यासाठी आमदार-खासदाराच्या पाया पडावं लागत नव्हतं. त्याला बांधून ठेवील असं कुणापाशी काही नव्हतं. ही गरिबीतून आलेली मोकळीक होती आणि तशा मोकळिकीचं कौतुक करताना जरा जपूनच बोलावं. पण मोकळीक ती मोकळीकच. खासदार पैसे आणणार नसेल, तर त्याच्याकडून दुसरं काय मागायचं? वाणी मागायची.

इथे गाऱ्हाणं येतं. तळकोकणात कुठल्याही कामाच्या आरंभी देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस हात जोडून उभा राहतो, बारा पाचाच्या देवाला साद घालतो आणि एका दमात सगळ्या गावाचं दुखणं, मागणं, रुसवा, हक्क मांडतो. प्रत्येक वाक्याला मागचे सगळे 'होय म्हाराजा' म्हणतात. बाकी महाराष्ट्रात गाऱ्हाणं म्हणजे तक्रार, रडगाणं. कोकणात तो एक विधी आहे आणि त्यात लाचारी नाही. गाऱ्हाणं घालणारा देवाला दटावतोही: आजवर राखलंस तसं पुढेही राख, चूकभूल पोटात घाल, पण लेकरांच्या पाठीशी उभा राहा. सगळ्यांना तो मान मिळत नाही. ज्याचा शब्द अडत नाही, ज्याला गावाची सगळी नावं ठाऊक आहेत, तोच पुढे होतो. दशावतारातला नटही संवाद पाठ करून येत नाही, रात्रभर उभ्याउभ्या रचत जातो. असं ऐकत वाढलेल्या माणसाला चांगलं बोलणं ही चैन वाटत नाही, ते काम वाटतं. दिल्लीत एक मोठं देऊळ आहे, तिथे आपलं गाऱ्हाणं घालायला आपल्यातला सगळ्यात बोलका माणूस पाठवायचा, इतका साधा हिशेब राजापूरच्या मतदाराने केला असावा असं मला वाटतं.

आणि तसा माणूस त्याला पहिल्याच फेरीत मिळाला. नाथ पै 1922 साली वेंगुर्ल्यात जन्मले. 1942च्या चळवळीत तुरुंगात गेले, पुढे लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले, आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेचे अध्यक्ष झाले. 1955 साली गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात तुकडी घेऊन गेले. ऑस्ट्रियाच्या क्रिस्टल त्यांच्या पत्नी. घर मात्र बेळगावात. 1956 साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, म्हणजे राजापूरचा पहिला खासदार राहायला परराज्यात होता. पुढचे दंडवते नगरचे, राहणार मुंबईचे, सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. शिवेच्या आत खासदाराचं घर हवं असा हट्ट या मतदारसंघाने कधी धरला नाही. धरणार कसा? त्याचे निम्मे कर्ते पुरुषच शिवेच्या बाहेर राहत होते.

नाथ पैंच्या वक्तृत्वाच्या कथा खूप आहेत आणि त्या सांगणाऱ्यांच्या तोंडी वाढत गेल्या आहेत. त्यापेक्षा त्यांनी मांडलेल्या एका विधेयकाकडे पाहावं. 27 फेब्रुवारी 1967ला सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच मतांनी निकाल दिला: मूलभूत हक्कांचा संकोच होईल अशी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. दीडएक महिन्यात नाथ पैंनी खाजगी विधेयक आणलं. त्याचा आशय असा की घटनेचं कुठलंही कलम बदलण्याचा अधिकार संसदेला, म्हणजे लोकांना, असलाच पाहिजे. विरोधी बाकावरचा एक माणूस सरकारच्या हाताला बळ देणारं विधेयक मांडतो, हे आज ऐकायलाही विचित्र वाटेल. त्यांच्या समाजवादी मनात प्रश्न संपत्तीचा आणि जमिनीचा होता. न्यायालयाने दार लावलं तर उद्या कुळाला जमीन कोण देणार? कूळकायद्यावाचून कोकणात राजकारण नव्हतंच, खोतांच्या आठवणी ताज्या होत्या. विरोधकांचा सवालही तितकाच खरा होता: आज तुम्ही सज्जन आहात, उद्या या अधिकाराने कुणी स्वातंत्र्यच काढून घेतलं तर?

विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, तिचा अहवाल आला, चर्चा लांबली आणि 1970च्या अखेरीस लोकसभाच विसर्जित झाली. पुढच्याच महिन्यात, 17 जानेवारीला, हुतात्मादिनाला बेळगावच्या सभेत सीमाप्रश्नावर नाथ पै बोलले आणि त्याच रात्री, 18च्या पहाटेकडे, हृदयविकाराने गेले. वय 48. त्याच वर्षी इंदिरा गांधींच्या सरकारने 24वी घटनादुरुस्ती केली. तिचा गाभा नाथ पैंच्या विधेयकाचा होता. 1973 साली केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने गोलकनाथ मोडीत काढला, पण घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावता येणार नाही अशी नवी शीव आखून दिली. म्हणजे नाथ पै जिंकले आणि त्यांच्या विरोधकांची शंकाही वाया गेली नाही.

शंका किती खरी होती हे त्यांच्या वारसाने तुरुंगात बसून पाहिलं. 1971च्या निवडणुकीत राजापूरने दंडवतेंना पाठवलं होतं. जून 1975मध्ये ते एका संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला गेले असताना आणीबाणी आली. वाजपेयी, अडवाणी यांच्यासोबत त्यांनाही तिथेच पकडून बंगळूरच्या कारागृहात ठेवलं. पत्नी प्रमिलाताई पुढे येरवड्यात. दोन तुरुंगांमधून नवराबायकोची पत्रं चालू होती. त्याच काळात, 1976 साली, संसदेने 42वी घटनादुरुस्ती केली, राज्यघटनेत मोठे फेरबदल करणारी. नाथ पैंनी लोकांसाठी मागितलेला अधिकार लोकांना विचारल्याविना वापरला गेला. या 42व्या दुरुस्तीत एक बारकंसं कलम होतं, तेव्हा कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. ते इथे नुसतं नोंदवून ठेवतो, पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे. लोकसभेच्या जागा आणि मतदारसंघांच्या सीमा 1971च्या जनगणनेवर गोठवण्यात आल्या, पुढची पंचवीसेक वर्षं.

दंडवतेंबद्दल अख्ख्या देशाला एक गोष्ट आठवते. जनता सरकारात ते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंचांचा फोम आला. हावडा-मुंबई गीतांजली एक्सप्रेस निघाली, वर्गभेद नसलेली गाडी. 1974च्या संपात बडतर्फ झालेले रेल्वे कामगार परत कामावर घेतले गेले. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने समाजवादाचं भाषांतर दोन इंचांत करून दाखवलं, असं मला ती फळी आठवली की वाटतं. समाजवादावर भाषणं करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते जमलं. पण या फोमचा खुद्द राजापूरच्या मतदाराला काय उपयोग? त्याच्या गावाला रूळच नव्हते. सारा देश मऊ फळीवर निजून जात होता तेव्हा रेल्वेमंत्र्याचे मतदार एसटीच्या लाल गाडीत, मांडीवर पोर आणि पायाशी आंब्याची पेटी घेऊन, कशेडीचा घाट उतरत होते. त्याआधीच्या पिढीने बोटीचे हाल सोसले होते. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरं घेत जाणारी बोट, पडावातून किनाऱ्यावर उतरायचं, आणि पावसाळ्यात तीही बंद.

कोकण रेल्वे ही नाथ पैंपासूनची मागणी. दंडवते मंत्री असताना आपटा ते रोहा हा टप्पा मार्गी लागला, गाडी रोह्याला पोचायला 1986 उजाडलं. खरी उडी 1989नंतर. विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारात दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, दोघे जुने समाजवादी सोबती. नेहमीच्या अंदाजपत्रकातून हा मार्ग होणार नाही हे दोघांनाही कळत होतं, म्हणून वेगळं महामंडळ काढलं. 51 टक्के रेल्वेचे, 22 महाराष्ट्राचे, 15 कर्नाटकाचे, गोवा आणि केरळ सहा-सहा, बाकी पैसा रोख्यांतून. 19 जुलै 1990ला कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन यांच्या हाती काम आलं. चारच महिन्यांत सरकार पडलं. पुढच्या वर्षी निवडणूक झाली आणि ज्याने एवढं केलं त्या दंडवतेंना राजापूरने घरी बसवलं.

1991ची ही निवडणूक मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात अवघड वाटते. कृतघ्नपणा म्हणून तिची बोळवण करणं सोपं आहे आणि समाजवादी वर्तुळात पुष्कळांनी ती केलीही. काँग्रेसचे उमेदवार लष्करातून आलेले सुधीर सावंत निवडून आले. त्या वर्षी राज्यात 48 पैकी 38 जागा काँग्रेसला मिळाल्या, आणि राजापूर प्रथमच काँग्रेसच्या लाटेत वाहून गेलं. एक बाजू अशी की मंडल आणि मंदिराच्या धामधुमीत जनता दलाचं बोट धरून चालण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण मला मुळाशी पुन्हा मनीऑर्डर दिसते. 1982च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि कधी रीतसर संपलाच नाही. त्याचे नेते दत्ता सामंत मूळचे मालवणजवळच्या देवबागचे. 1984 साली दंडवते राजापुरातून आणि सामंत दक्षिण मध्य मुंबईतून निवडून आले, म्हणजे एकाच घरातल्या माणसांनी दोन टोकांना लाटेविरुद्ध मतं दिली. तो त्या जुन्या मतदाराचा शेवटचा हुंकार असावा. त्यानंतर गिरण्यांची धुराडी विझली. गावी पोस्टमन येईना, त्याऐवजी चाकरमानीच ट्रंक घेऊन परत आला, किंवा आलाच नाही, चाळीतली खोली विकून उपनगरात गेला. ज्याचं पोट मुंबईत भरत होतं त्याला खासदाराकडून वाणी मागणं परवडत होतं. ते पोट रिकामं झाल्यावर त्याने काम मागितलं, पोराला नोकरी मागितली, हातात दांडकं असलेला कुणी पाठीशी उभा राहावा असं मागितलं. शिवसेना मुंबईच्या शाखांमधून चाकरमान्याच्या पिशवीतूनच कोकणात उतरली आणि तिने हे मागणं ओळखलं.

1996 ते 2004 चारही वेळा सेनेचे सुरेश प्रभू निवडून आले. ते सनदी लेखापाल, सारस्वत बँकेचे अध्यक्ष राहिलेले, वाजपेयींच्या मंत्रिमंडळात पर्यावरण आणि ऊर्जा खाती सांभाळलेले. पाहा, सेनेलाही इथे उभा करायला असाच माणूस शोधावा लागला. पक्ष बदलला, पण उमेदवाराच्या अंगरख्याचं माप तेच राहिलं. कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998ला पूर्ण मार्गाने सुरू झाली तेव्हा दंडवते खासदार नव्हते. आणि ज्या गावाच्या नावाने ही मागणी चाळीस वर्षं लोकसभेत घुमली त्या राजापूरचं स्टेशन, 'राजापूर रोड', शहरापासून कोसभर नाही, चांगलं लांब आहे. रिक्षावाल्याशी घासाघीस केल्याशिवाय गावात पोचता येत नाही. नोव्हेंबर 2005मध्ये दंडवते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयाला देण्यात आला, मागे दहनाची जागा नाही की समाधी नाही.

आता त्या गोठवलेल्या कलमाकडे येतो. 42व्या दुरुस्तीने सीमा गोठवल्या म्हणून 1976च्या आखणीतलं राजापूर पुढची तीस वर्षं तसंच राहिलं. जनता सरकारने 44वी दुरुस्ती करून 42वीतला पुष्कळ विषार उतरवला, पण हे कलम राहू दिलं. 84व्या दुरुस्तीने राज्याराज्यांतल्या जागांचा हिशेब 2026च्या पुढे ढकलला आणि 87व्या दुरुस्तीने राज्याच्या आतल्या सीमा 2001च्या जनगणनेनुसार नव्याने आखायला परवानगी दिली. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने आखणी केली, ती फेब्रुवारी 2008मध्ये लागू झाली. नाथ पैंनी संसदेसाठी मागितलेली किल्ली एकामागून एक कुलपं उघडत शेवटी त्यांच्याच मतदारसंघाच्या दारात येऊन पोचली.

हिशेब पाटीवर मांडता येण्यासारखा आहे. 2001 साली महाराष्ट्राची लोकसंख्या 9 कोटी 69 लाख, जागा 48, म्हणजे एका खासदारामागे साधारण 20 लाख. सिंधुदुर्गात 8 लाख 69 हजार माणसं, रत्नागिरीत 16 लाख 97 हजार. दोन्ही मिळून साडेपंचवीस लाख. इतक्या माणसांत दोन खासदार बसत नाहीत. मग रत्नागिरी आणि राजापूर ही दोन्ही नावं पुसून 'रत्नागिरी-सिंधुदुर्ग' असा एक मतदारसंघ झाला, चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत. दापोली आणि गुहागर उत्तरेच्या रायगडाला जोडले. राजापूर विधानसभेचा एक मतदारसंघ म्हणून आत राहिलं, नाव मात्र गेलं. 2009च्या निवडणुकीत राजापूरचे शेवटचे खासदार प्रभू या नव्या मतदारसंघात उभे राहिले आणि काँग्रेसच्या निलेश राणेंकडून हरले. आयोगावर रागवण्यात अर्थ नव्हता. पुढच्या, 2011च्या जनगणनेत तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीपेक्षा घटलेली निघाली. सगळा देश वाढत असताना इथली माणसं कमी होत होती.

मग राजापूरची जागा गेली कुठे? महाराष्ट्राच्या 48 तशाच राहिल्या, तेव्हा एकीकडे कमी झालेलं दुसरीकडे निघणारच. त्याच आखणीत ठाणे जिल्ह्यात पूर्वी दोन मतदारसंघ होते, डहाणू आणि ठाणे, त्यांचे चार झाले: पालघर, भिवंडी, कल्याण, ठाणे. कल्याण-डोंबिवलीत, ठाण्यात, वसई-नालासोपाऱ्याच्या इमारतींत राहणाऱ्यांपैकी कितीजणांचं मूळ गाव राजापूर-देवगड-मालवणाकडे आहे हे तिथल्या कुठल्याही सोसायटीच्या नावांच्या पाटीवर दिसतं. मुलगे ज्या वाटेने गेले त्याच वाटेने जागाही गेली. मतदारसंघच चाकरमानी झाला, म्हणायचं.

चाकरमान्याचं मत आता तिकडे आहे आणि गाऱ्हाणं इकडे. राजापूर तालुक्याचं नाव पुढे जैतापूर, नाणार, बारसू असं वर्तमानपत्रांतून गाजत राहिलं. अणुऊर्जा आणि तेलशुद्धीकरणाच्या प्रकल्पांविरुद्ध सड्यावर माणसं बसली. त्यांत मुंबईहून, ठाण्याहून आलेलेही होते, ज्यांची घरं आणि कलमं इथे होती आणि मतदार यादीतलं नाव तिथे. वेतोबाच्या वहाणा अशा वेळी कुठवर चालतात, कुणास ठाऊक.

दादरहून मध्यरात्रीनंतर एक गाडी सावंतवाडीला निघते. आधी राज्यराणी म्हणून धावायची. 2017 साली तिला 'तुतारी' नाव मिळालं, मालगुंडच्या केशवसुतांच्या कवितेवरून, आणि ते देणारे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू होते. राजापूरने देशाला दिलेले दुसरे रेल्वेमंत्री, फक्त तोवर राजापूर मतदारसंघ उरला नव्हता. गणपतीच्या आधल्या आठवड्यात तुतारीत पाय ठेवायला जागा नसते. ठाण्याला ती थांबते, आणि फलाटावर गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या पिशव्या, पोरं, पत्र्याच्या पेट्या घेऊन उभी असलेली गर्दी आत घुसते. पहाटे रत्नागिरीनंतर डबा थोडा मोकळा होतो. वरच्या फळीवरून, फोमच्या, एखादा म्हातारा खाली वाकून विचारतो, "राजापूर इला काय?" कुणीतरी खिडकीबाहेर पाहतं आणि सांगतं, अजून यायचंय.